चौथं रील

टपालाने आलं ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून.
चार टेप, पेन्सिलीने घातलेले आकडे,
आणि फोल्कमारची चिठ्ठी:
सिनेमा पाहिला नाही. पाहायचाही नाही.
तू लिहिलं होतंस ना, ओहोटी, माणूस, धुकं,
तेवढं पुरे झालं.

तिघं होते ते. वुपरटालजवळच्या
बंद पडलेल्या डेअरीत राहायचे.
सिंथेसायझर लोण्याच्या खोलीत,
कारण तिथल्या भिंतींत अजून थंडी मुरलेली
आणि यंत्रं भलतीच तापायची.
ओर्टरूड म्हणे एकेक सूर धरून बसते,
दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तशी.

इकडे हुसुममध्ये मी.
कात्री, चिकटपट्टी,
आणि छोट्या पडद्यावर मोम्मे,
खाजणातून चालत निघालेला.
चार मिनिटं नुसता चालतो.
दिग्दर्शकाला इथे व्हायोलिनं हवी होती,
माणूस बुडणार हे आधीच कळावं म्हणून.

चौथी टेप लावली.
सूर म्हणावा तर सूर नाही.
लांब कुठेतरी कुणी पातेलं घासतंय
आणि थांबायचं विसरलंय.
त्याखाली घरघर,
झोपलेल्या घराची असते तशी, फ्रिजची, नळांची.
मोम्मेची पावलं तिच्यावर पडायला लागली
आणि मी चित्र कापलं. संगीत नाही, चित्र.
सतरा फ्रेमा इथून, बावीस तिथून,
धुकं जरा उशिरा येऊ दिलं.

मग शेवटाकडे,
खट्.

दार.
डेअरीत कुणी आलं असावं.
पोस्टमन, शेजारीण, कॉफी घेऊन हेनिंग.
फोन केला तर ओर्टरूड म्हणाली,
अगं, आम्हालाही ते नंतरच ऐकू आलं.
राहू दे.

भर समुद्रात दार? दिग्दर्शक भडकला.
मी कात्री खणात टाकली,
खण लावून घेतला.

ब्रेमेनला पहिला खेळ, मंगळवारचा.
अकरा माणसं. त्यात एक बाई विणत होती,
अंधारात, न पाहता.
मोम्मे चालत होता.
पाणी घोट्याला, मग पोटरीला.
पातेलं घासणारा हात काही दमेना.
खट्.

अकराच्या अकरा माना मागे वळल्या.
सुया थांबल्या.
दार बंद होतं. वर हिरवा दिवा तेवढा.
पुन्हा पडद्याकडे पाहीपर्यंत
नुसतं पाणी, सपाट.
त्याला बुडताना कुणीच पाहिलं नाही.

मी तर ते दार शंभरदा ऐकलेलं,
कुठल्या फ्रेमवर वाजतं ते पाठ.
तरी मीही वळले होते.

बाहेर कोट चढवताना
त्या बाईने मला गाठलं. लोकर काखेत.
मग, आत आला का तो?

मी म्हणाले, थांबा हं,
वुपरटालला विचारून सांगते.