हाडाची नर्स

सातपूरच्या शेडमधून तो आला मंगळवारी,
ड्यूटीरूमच्या टेबलावर खोकं उघडलं,
आत माझा सांगाडा.
म्हणजे माझाच असा नाही,
मीडियम साइजचा.

ओजस दुसाने. असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा.
कंबरेचं माप घेताना टेप माझ्याच हातात दिली.
मग वहीत बघून विचारलं,
सिस्टर, एक ते दहामध्ये पाठ किती दुखते?
एकतीस वर्षं हा प्रश्न मी विचारतेय,
पलीकडून तो कसा ऐकू येतो, माहीत नव्हतं.
चार, म्हणाले.
आधी सगळेच चार म्हणतात.

ट्रायफिना म्हणजे हाडाची नर्स,
जुन्या मेट्रन सांगायच्या पाहुण्यांना.
आता हाडं बाहेरून आली,
मांडीला पट्टा, छातीला पट्टा,
माकडहाडाच्या चार बोटं वर मोटर.
वाकले की ती कुरकुरते.
मी कधी कुरकुरले नव्हते, निदान ऐकू येईल असं.

तीन वॉर्डांत दोनच सूट.
वाघेरे सिस्टरच्या पावडरचा वास घेऊन
तिचे पट्टे माझ्या अंगावर चढतात.
बॅटरीला सॉकेट लागतं, ते सक्शन मशीनचं.
बाथरूमला जायचं तर सोडायला-बांधायला अकरा मिनिटं,
म्हणून आम्ही पाणी पीत नाही.
हे वहीत नाही.

खाट नंबर अकरा, पुंजाराम बेंडकुळे,
खुबा मोडलेला, वजन एक्क्याण्णव,
पिंपळगावच्या मार्केटात हमाल.
दर दोन तासांनी कूस बदलायची.
पहिल्या रात्री मी कंबर कसली, खरोखरची, चार बकलांनी,
आणि तो वळला
पुस्तकाचं पान वळावं तसा.
त्यानं मान उचलून मोटरकडे पाहिलं.
म्हणाला, कांद्याची गोणी बरी, सिस्टर,
पाठीवर आली की गप बसते.
माणूस आई गं म्हणतो, म्हणून जड.
जरा वेळानं: ह्ये मार्केटात कधी येणार?
ओजसला सांगितलं तर तो हसला.
मग हसायचा थांबला, वहीत काहीतरी लिहिलं.

शुक्रवारी पहाटे पावणेचारला
खाट तीनचे बाबा गेले.
पेठकडचे. नातू चहा आणायला खाली गेलेला.
सगळं केलं, नळ्या काढल्या, हनुवटी बांधली,
किसनमामानं पाय धरले, मी खांदे,
एक दोन तीन,
आणि बाबा उचलले गेले
इतके सहज, की मी दचकले.
गेलेला माणूस जड होतो,
हे आमच्या हातांना पुस्तकाआधी कळलेलं असतं.
नऊ दिवस मी त्यांना बसवलं, पुसलं, पाजलं,
त्यांचं वजन मला तोंडपाठ होतं,
आणि शेवटचं तेवढं
मोटरनं घेतलं.

मामा, खाली ठेवा जरा.
काय झालं, सिस्टर?
काही नाही.
पाठीमागे हात नेऊन बटण बंद केलं.
पुन्हा एक दोन तीन.
हां. आता बाबा.
कंबरेत कळ गेली, सात, साडेसात,
नातू कप घेऊन दारात उभा होता,
दोन कप.

सकाळी फॉर्म भरायचा होता.
आराम पडला का? हो.
खोटं कशाला लिहू, पडला.
या आठवड्यात दोन रात्री मी
उशीशिवाय सरळ झोपलेय.
यंत्र पुढे चालू ठेवावं का? हो.
सूचना:
बाथरूमचं बघा.
बटण पुढे घ्या, हाताला लागेल असं.
कशाला, हे विचारलं नव्हतं, लिहिलं नाही.

शरणपूर रोडनं घरी आले, चप्पल काढली,
जमिनीवरच पाठ टेकली.
गार फरशीवर एकेक मणका मोजत गेले,
सगळे होते.