परिघ

यादी करायला मला पाठवले होते मुरगावच्या धक्क्यावर.
पितळी घंटा, एक. होकायंत्र, फुटके, एक.
दुर्बिणी दोन, पैकी एकीला पट्टा नाही.
खालच्या खणात नोंदवह्या,
वाळवीने नव्हे, मिठाने खाल्लेल्या.

इनास तोवर बाहेर दोरीच्या पाळण्यात बसून
हातोडीने रंग टवकत होता.
हाक मारली: पळय रे, हिची पिराय पळय.
पंजाएवढी खिडकी केली होती त्याने:
वर पांढरा, तटरक्षकांचा,
त्याखाली पांढरा, पुन्हा पांढरा, पिवळट पडलेला,
मग करडा.
आणि अगदी पत्र्याला चिकटून एक काळपट करडा,
घाईत फासलेला,
ब्रशचे केस अजून त्यात अडकलेले.
हो झुजांतलो, इनास म्हणाला,
आणि का कोण जाणे, टोपी काढली.

त्या वर्षाच्या वहीत मी तोफा शोधत बसलो.
डिसेंबर पाच. तेलाच्या तीन जहाजांसोबत. दिवे बंद.
रात्रभर त्यांच्याभोवती फेऱ्या.
विशेष काही नाही.
डिसेंबर सहा. विशेष काही नाही.
डिसेंबर नऊ. पाण्याखाली हालचाल. चार बाँब टाकले.
मासे वर आले.
विशेष काही नाही.

तिन्ही जहाजे पोचली, हे कुठे लिहिलेलेच नाही.
पोचलेल्याचे काय लिहायचे?

पुढच्या वह्यांत शाई निळी, अक्षर वेगळे.
चांदी भरलेली एक होडी, इंजिन बंद पडलेले सतरा ट्रॉलर,
कुणा खलाशाचे अपेंडिक्स.
जूनमधल्या एका पानावर:
बेतूलचे पाच जण. शोध तीन दिवस. चार मिळाले.
त्याखाली रोजची ती ओळ नाही.
नुसती कोरी जागा, आणि पान उलटलेले.

आमच्या पेडण्याकडे वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात.
रात्री शीव फिरतो तो, गाव झोपल्यावर.
वर्षाने त्या उलट्या करून दाखवतात:
टाचेकडे झिजलेल्या.
लहानपणी मी विचारले होते,
त्याला दिसले काय फिरताना?
आजोबांनी पानाला चुना लावत सांगितले,
काही दिसले नाही, म्हणून तर तू आहेस.

गोदीत तळाचा पत्रा मापला.
बांधताना बारा मिलिमीटर. आता सात.
भंगारवाला वजनावर घासाघीस करत राहिला,
मी आकडे लिहीत राहिलो.
पाच मिलिमीटरसाठी यादीत रकाना नव्हता.

टग आला तेव्हा भरती लागत होती.
बार्जवाले चहा पीत होते, कुणी वर पाहिले नाही.
इनास मात्र डबा घेऊन पुन्हा पाळण्यात चढलेला,
ती पंजाएवढी खिडकी पांढऱ्याने भरत.
अरे, परवा कापणार तिला, मी ओरडलो.
तो ब्रश निथळत म्हणाला,
उगडी कशी धाडपाची तिका?