साडेचार हजार

बेथेलचा टॉवर सांगतो: एकोणतीस-चाळीस.
मी गुंडी फिरवते. बारक्या खिडकीत आकडे सरकतात
आणि काटा येऊन टेकतो
जिथे माझी चाकं आहेत तिथे,
समुद्रापासून जेमतेम सव्वाशे फुटांवर.

काल रात्री एकोणतीस-नव्वद होतं.
त्याच आकड्यावर निघाले असते तर
काट्याने साडेतीन हजार म्हटलं असतं
आणि मी असते तीन हजारांवर,
टेकड्यांना पाचशे फुटांनी जवळ, आणि बेफिकीर.
आपा म्हणायचा,
माणसाचा पारा चढला तर आपोआप कळतं,
हवेचा उतरला तर विचारावं लागतं.

त्याचा जुना अल्टिमीटर आमच्या स्वयंपाकघरात आहे,
मिठाच्या डब्याशेजारी.
त्याची गुंडी कुणी फिरवत नाही.
आई सकाळी नखाने काचेवर टकटक करते.
"घर आज चारशे फूट वर गेलंय," म्हणते,
आणि माशांवर ताडपत्री ओढायला बाहेर पडते.

मागे अंडी, डायपर, जनरेटरचा पट्टा,
शाळेची दोन खोकी. रशियन मिशनला जायचं.
ढगांत शिरणाऱ्यांना पूर्ण हजार दिलेत;
डोळ्यांवर भरवसा ठेवून उडणाऱ्या आम्हा लोकांचं
सगळंच साडे.
होकायंत्र शून्यापासून एकशे एकोणऐंशीपर्यंत असेल
तर विषम हजार आणि पाचशे,
उरलेल्या अर्ध्या जगाकडे तोंड असेल तर सम.
म्हणजे समोरून येणारा
वरून जातो किंवा खालून.

आपाची वही माझ्याकडे आहे. एकाहत्तर सालची,
पानांना पेट्रोलचा वास.
रशियन मिशन: ३५५. साडेचार.
परत: १७५. साडेतीन.
मी पेन्सिलीने मोजलं. पुन्हा मोजलं.
माझं येतं ००४. साडेतीन.
परत: १८४. साडेचार.

गाव हललेलं नाही. नदीने थोडी कूस बदलली, पण तेवढी नाही.
सरकली ती उत्तर.
चुंबकाची उत्तर, दरवर्षी थोडी थोडी,
कुणाला न सांगता.
आमच्या धावपट्टीवरचा आकडासुद्धा
खरवडून नवा रंगवावा लागला.
आपा तेव्हा खाटेवर होता. ऐकून हसला.
"मी बरोबरच होतो," म्हणाला, "माझ्या उत्तरेला."

खोकी उतरवली. सोफ्रोनने पट्टा हातात घेऊन ताणून बघितला,
चुकीच्या मापाचा निघाला. पुढच्या फेरीत, म्हटलं.
तिथला आकडा घेतला, एकोणतीस-चौतीस,
आणि वर चढले.

साडेचार हजार. तोंड दक्षिणेला.
खाली तळी, हजारो, कुणी मोजलेली नाहीत.
आणि मग लक्षात येतं:
आपा अजून वहीप्रमाणे उडत असेल
तर तो आत्ता जातोय गावाकडे,
ह्याच रेषेवर, ह्याच उंचीवर,
माझ्या नाकासमोरून.
ज्या नियमाने आम्हाला एकमेकांपासून
हजार फूट लांब ठेवायचं,
त्यानेच आम्हाला समोरासमोर आणलंय.

काचेत काही नाही. एक डाग आहे, तो किड्याचा.
तरी मी दिवा लावते
आणि जराशी उजवीकडे वळते.
समोरासमोर आलं की दोघांनीही उजवीकडे वळायचं.
तो नियम उत्तरेवर ठरत नाही.