रक्त घेण्याआधी

हीउमा बेट, कार्डलाचा दवाखाना.
सकाळचे आठ, खिडकीबाहेर अजून काळोखच.
मी सुया मांडते, नळ्यांना नावं चिकटवते.

बाकावर दोघंच आहेत आज.
लाइडाबाई, वय एक्याऐंशी,
मांडीवर चाळिशीचं घर, आणि मुलीनं
तालिनहून टपालानं धाडलेले छापील कागद.
रक्तदाबाच्या नव्या गोळीबद्दल अकरा पानं.
शेजारी राउनो, फेरीबोटीवर दोर सांभाळतो.
छातीत धडधडतं म्हणून
रात्री तीनला त्यानं विचारलं फोनला.
फोननं सतरा आजार सांगितले,
अठरावा त्यानं स्वतः शोधला.
"एकावरही विश्वास नाही माझा," तो म्हणतो,
"पण भीती सगळ्यांची वाटते."

लाइडाबाई हात पुढे करते: बघू.
"आमच्या वेळी पेपरात गहू भरघोस पिकायचा
आणि दुकानात पाव नसायचा.
तेव्हापासून मी आधी तळ वाचते.
कोणी लिहिलंय? कधी? पैसे कोणाचे?"
राउनो अंगठ्यानं पान ओढत राहतो
खाली, आणखी खाली.
कुठल्याच पानाच्या तळाशी तो कधी गेला नव्हता.
तिथं एक दुकान होतं,
मॅग्नेशियमच्या गोळ्या, तीन डब्यांवर एक फुकट.

तो हसला. तीही.
मग चष्मा काढून, काचा पुसत,
कोणी न विचारताच म्हणाली,
"गुडघ्यांसाठी मीही एक अर्क मागवलाय. चाळीस युरो.
पडद्यावरची ती बाई बोलते ना,
थेट माझ्या हिल्याचा आवाज."
हिल्या म्हणजे बहीण. गेली, त्याला अकरा वर्षं झाली.

राउनोनं ती बाई शोधून काढली.
मला काउंटरपलीकडून दिसलं:
तीच बाई, तोच अ‍ॅप्रन, नाव मात्र दुसरं,
या वेळी उशा विकत होती.
त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि फोन मांडीवर उपडा ठेवला.
"आजी, ती बाटली डॉक्टरांना दाखवा एकदा.
गोळीबरोबर चालते का, विचारा."
"आणलीये," ती म्हणाली. पिशवीत खणखणलं काहीतरी.

मी काहीच बोलले नाही.
काखेतल्या माझ्या गाठीबद्दल
मीही बाथरूमची कडी लावून वाचते,
रोज तेच पान, जणू आज ते काही वेगळं सांगेल.

राउनोच्या दंडाला पट्टा बांधणार
तोच लाइडाबाईनं त्याचं मनगट धरलं.
सामुदायिक गोठ्यावर तीस वर्षं
गाईंच्या नाड्या मोजल्यात तिनं.
भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे, ओठ हलताहेत.
"अठ्ठ्याऐंशी."
त्याच्या दुसऱ्या मनगटावर काच उजळली: एक्क्याण्णव.
तो एकदा काचेकडे बघतो, एकदा तिच्याकडे.

मी दोन्ही आकडे लिहून घेतले.