जुनं पाणी

दोनशे चाळीस लिटर, स्टँडसकट, माशांसकट.
पैसे नकोत, फक्त गुरुवारच्या आत न्या,
एवढंच म्हणाला ओडवार हेगस्टाड.
गुरुवारी तो लाडेमोएनच्या तिसऱ्या मजल्यावरून
वृद्धाश्रमातल्या एका पलंगाच्या रुंदीत
राहायला जाणार होता.

ट्रॉन्डहाइममध्ये त्या दिवशी उणे चौदा.
आम्ही गेलो, मी आणि ईवर, माझा नऊ वर्षांचा,
सात झाकणाच्या बादल्या, दोन रजया,
खाली तुरविलची व्हॅन, हीटर तासभर आधीपासून चालू.

म्हाताऱ्यानं आधी कॉफी दिली, मग सूचना.
निम्मं पाणी जुनंच न्या.
वाळू धुतलीत तरी चालेल,
पण फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरू नका.
दिसते ती घाण नव्हे,
सव्वीस वर्षं लागलीत ती जमायला.
मी मान डोलावली.
बिडाची कढई देताना सासू हेच बोलली होती,
आणि मी ती घासली होती.

काचेच्या तीन बाजूंना हिरवं शेवाळ.
चौथी लख्ख, तीही सगळी नाही,
खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेएवढी
एक आडवी पट्टी.

टेट्रा अकरा निघाले. तो म्हणाला, बारा.
पुन्हा मोजले. अकरा.
बरं, मग बारा म्हणू या, तो म्हणाला.

शेवटी लाकडाच्या ओंडक्याखालून एक
वितीपेक्षा मोठा, केशरी, अंगावर तीन काळे पट्टे,
मिशा पाडलेल्या, कुणी झोपेतून उठवल्यासारखा.
याला जाळी नको, डोळ्याखाली काटा असतो, अडकतो.
त्यानं स्वतःच बाही वर केली, वाडगं घेतलं.
कॉफी ओतताना थरथरणारा हात
कोपरापर्यंत पाण्यात गेला
आणि थरथरायचा थांबला.

याचं नाव काय, ईवरनं विचारलं.
माशाला कशाला हवंय नाव.

जिन्यात सांडलेलं पाणी
पुढची बादली न्यायला येईपर्यंत
काच झालं होतं.

रात्री दोनला उठून पाहिलं.
तो केशरी वाळूवर आडवा, कुशीवर,
कल्लासुद्धा हलत नव्हता.
फोन कुणाला करायचा ते कळत होतं, धीर होत नव्हता.
पहिल्याच रिंगला उचलला त्यानं.

तिकडे रिकाम्या खोलीचा आवाज.
मग खोकला, किंवा हसू.
झोपतो तो तसाच.
पहिल्या वर्षी गुनवोरनं त्याला
वर्तमानपत्रात गुंडाळला होता पुरायला.
तेव्हा उठला.

मी हुश्श केलं. फोन ठेवायला लागले
तर म्हणाला,
म्हाताऱ्याला द्या जरा.

मी फोन काचेला लावला.
काय बोलत होता ऐकू आलं नाही,
एकदा 'बर्फ' कळलं, एकदा 'गुरुवार'.
पाण्यातल्यानं एक पर फिरवला,
मिशा हलवल्या,
आणि आतून आवाज आला, टक्.
बाटलीचं बूच बाटलीनंच उघडावं तसा.
टक् टक्.
मी फोन कानाला लावला तेव्हा
तिकडे कुणी काही बोलत नव्हतं,
आणि कुणी फोन ठेवतही नव्हतं.

आता संध्याकाळी साडेसहाला, बातम्या संपायच्या वेळी,
सगळे डाव्या कोपऱ्यात जमतात.
आमच्याकडे तिथे बुटांचा रॅक आहे.
आठवडाभर उजवीकडे दाणे टाकून पाहिले.
ते उपाशी उभे राहिले बुटांकडे बघत.

काल रॅक दारामागे सरकवला.
ईवरनं तिथे स्टूल ठेवलं, त्यावर उशी,
आणि मला म्हणाला, बस.
बसले. टेट्रा मोजले.
बारा.

पुन्हा मोजले नाहीत.