अटाला

पुण्याची नणंद म्हणते अडगळ.
आम्ही इंदूरचे, आम्ही म्हणतो अटाला.
अडगळीत पाय अडतो,
अटाल्यात माणूस राहतो,
म्हणजे मी तरी राहते, सुदामानगरात,
दोन खोल्या आणि एक मागची,
अंग चोरून.

विजेच्या बिलाच्या पाठीवर तारीख घातली
आणि लिहिलं:
एक. रंगपंचमीपर्यंत घर निम्मे करणे.
मग वाटलं, निम्मं म्हणजे कशाचं?
वजनाचं की नगांचं?
दोन कढयांची एक होईल,
यांच्या चष्म्याच्या सात घरांची
साडेतीन कशी करू?
खोडलं.

दोन. रोज दहा वस्तू.
पहिल्या दिवशी भरल्या, सेफ्टी पिना धरून.
दुसऱ्या दिवशी स्वतःलाच फसवलं:
संपलेल्या रिफिली, एका रबरात बांधलेल्या, बरोब्बर दहा.
तिसऱ्या दिवशी बर्तन बाजारातून
झाकणाचे तीन डबे घेऊन आले,
सामान नीट ठेवायला.
म्हणजे उणे तीन.
हेही खोडलं.

तिसरं सुचायला आठवडा गेला.
मागच्या खोलीचं दार
अकरा वर्षं पुरतं उघडलेलं नाही.
हातभर उघडतं, मग काहीतरी मऊ लागतं,
आणि आपण पोट आत घेऊन शिरायचं.
पूर्वी पोट ऐकायचं.
लिहिलं:
तीन. दार भिंतीला टेकले पाहिजे.
आवाज आला पाहिजे.

इतकंच. मोकळा श्वास, मनःशांती वगैरे
नणंद फोनवर सांगत होती, ते नाही लिहिलं.
बिलावर जागाही नव्हती.

ते मऊ म्हणजे गादी निघाली.
गादीमागे कूलरची जाळी,
जाळीमागे शिलाई मशीनचं नुसतंच पायडल,
आणि सगळ्यात मागे, दाराच्या कोपऱ्यात, पोतं.

मिलला कुलूप लागलं त्या संध्याकाळी
हे सायकलवर घालून आणलेलं.
“पगाराच्या बदल्यात,” म्हणाले, आणि हसले.
पुन्हा कधी पोत्याला हात लावला नाही.
मीही नाही.
लाकडी बॉबिनी, टोकाला पितळी कडं,
तेलाचा वास अजून तसाच.
एकीवर निळं सूत होतं, अर्धवट.

अटालेवाला तराजू टेकवून बसला.
“पीतल का भाव दूँगा, माताजी,
लकड़ी तो अपन नी लेते.”
म्हटलं, मग राहू दे.
पोतं पुन्हा दारामागे गेलं
आणि दार पुन्हा हातभर.

चौथ्या दिवशी होळी.
गल्लीतली पोरं लाकडं मागत आली,
पुढे सावंतांचा तन्मय, एका पायात चप्पल.
मी पोतं दिलं. पटकन दिलं,
मन बदलायच्या आत.
मग धावत जाऊन
निळी तेवढी काढून घेतली.

रात्री गच्चीवरून बघितलं.
इतर लाकडं तडतडत होती,
या बॉबिनी मात्र सावकाश जळल्या,
तेल मुरलेल्या,
पाळी संपेपर्यंत जागा न सोडणाऱ्या
माणसासारख्या.
सकाळी पोरं राखेत बसून
पितळी कडी वेचत होती.
त्यांना भाव मिळेल. मिळू दे.

रंगपंचमीला बाहेर सगळं शहर ओलं.
मी घरात, कोरडी, दारासमोर उभी.
ढकललं.

ठक्क.

भिंतीत कडीच्या उंचीवर
एक खळगा होता, रुपयाएवढा.
कडी नेमकी त्यातच जाऊन बसली.
म्हणजे हे दार कधीतरी रोज
एवढं उघडत होतं तर,
आणि कुणीतरी ते जोरात उघडत होतं.
मीच असणार. यांचा हात हलका होता.

सकाळी कचऱ्याची गाडी आली,
गाडीवरची मुलगी हात पुढे करून म्हणाली,
“क्या आंटी, आज कुछ नी?”
नाही गं, आज काही नाही.

चौथं अजून लिहिलेलं नाही.
चष्म्याची घरं सातच आहेत.
बिल भरायची तारीख उलटून गेली,
दंड पडेल.
वरच्या सुळेबाई जिन्यातून ओरडल्या,
“अहो, खिळे ठोकताय की काय सकाळपासून?”
म्हटलं, नाही हो,
दार उघडतेय.