जोड

म्हात्रे पुलाजवळचा हॉल, रविवार, सकाळचे अकरा.
'दिवे घालवा,' म्हणतो निनाद, आमचा टूर मॅनेजर,
आणि पडद्यावर बुडापेस्ट उजळतं.
अडतीस माणसं एकमेकांना नव्याने ओळखतायत,
मफलर आणि कानटोप्यांशिवाय.

हे संसदभवन. हा साखळीपूल, त्याचे सिंह.
'आपल्या लकडी पुलावर बसवले तर?' पोंक्षे विचारतात.
'आठवड्यात शेपट्या जातील चोरीला,' उकिडवेबाई.
हशा. मठ्ठ्याचे पेले फिरतात.

मी मागच्या रांगेत.
तिसऱ्याच दिवशी माझं नाव पडलं 'बूटवाले काका':
ढमढेरे वहिनींच्या टाचेवरचा फोड बघून म्हणालो होतो,
नवी वहाण आणि नवा मुलूख एका दिवशी घालू नये.
पंचेचाळीस वर्षं दुकान चालवलं शनवारात.
चेहरे विसरतो मी.
पाय नाही.

मग तो फोटो येतो.
नदीचा दगडी काठ, काठावर बूट. नुसतेच बूट.
'हे काय हो?'
'स्मारक होतं ना कसलंसं? लोखंडी आहेत ते.'
'हां, नंतर आपण आईस्क्रीम खाल्लं!'
दोन सेकंद. पुढचा फोटो गुलाशचा.

तिथे मी खाली बसलो होतो, गुडघे नको म्हणत असताना.
गाईड मुलगी सांगत होती: चव्वेचाळीसचा हिवाळा,
ज्यू म्हणून माणसं काठावर उभी केली,
गोळ्या घालण्याआधी म्हणाले, बूट काढा.
बुटांना किंमत होती.
निनाद मराठीत सांगता सांगता
'किंमत'पाशी अडखळला.

मी बघत होतो.
हा बाईचा, पाच नंबर, टाच बाहेरून झिजलेली,
म्हणजे चालताना पाय जरा फेंगडे पडत असणार.
हा कामकऱ्याचा, नाडी गेलेली.
आणि हा पोराचा.
एक बोट मोठा घेतलेला असणार, वाढता पाय म्हणून.
'पुढच्या वर्षीही होईल,' म्हणालं असेल कुणी
दुकानात उकिडवं बसून, अंगठ्याने पुढचं टोक दाबत.

हजारदा म्हटलंय मी ते.

पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा.
पाणी ओसरल्यावर दादांनी चिखलातून माल वेचला,
धुऊन रस्त्याकडेला मांडला वाळत:
डावी, डावी, उजवी, डावी.
चार दिवस आम्ही जोड लावत होतो. एकशे बारा लागले.
उरलेल्या एकट्या चपला दादांनी फेकल्या नाहीत,
पोत्यात भरून माळ्यावर ठेवल्या.
'येईल कुणी दुसरी घेऊन,' म्हणायचे.
कोण येणार?

पण ते पाणी होतं.
पाण्याने कुणाला थांबवून
'आधी काढा' म्हटलं नव्हतं.

हे सगळं उठून सांगावं असं वाटलं क्षणभर.
पण पडद्यावर उकिडवेबाई उंच टोपी घालून नाचत होत्या
आणि खरंच छान नाचत होत्या.

मी बाहेर आलो.
दाराशी पाटी: 'पादत्राणे बाहेर काढावीत.
हरवल्यास हॉल जबाबदार नाही.'
खाली अडतीस जणांचा ढीग, एकावर एक, पालथ्या, उलथ्या.
सवयीने वाकलो. जोड लावत गेलो भिंतीकडेने,
टोकं आत नाही, रस्त्याकडे,
पाय घातला की सरळ घरी जाता यावं अशी.

आतून हाक आली, 'काका, बटाटेवडे!'

ढमढेरे वहिनी बाहेर आल्या फोन घ्यायला.
'अगंबाई, रांगा लावल्यात! माझी कुठंय?'
न बघता सांगितलं, डावीकडून तिसरी. सहा नंबर.
'अजून चावते का?'

'नाही हो,' त्या म्हणाल्या,
'आता सैल झालीय.'